व्हायग्राची गाडी, डोजकॉइनची गाडी आणि चाहत्यांचे हसू

पुण्यात क्रीडा व्यवस्थापनाचे शिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे की, अमेरिकेतील नासकार या संस्थेच्या मोटारशर्यतींमध्ये पुरुषांच्या लैंगिक दुर्बलतेवरील गोळ्या, कपडे धुण्याची पावडर, कोंबडीचे मांस, आभासी चलन अशा कशाचीही जाहिरात गाड्यांवर झळकते. आपला आवडता चालक अशी गाडी चालवतो याची तेथील चाहत्यांना लाज वाटत नाही का, आणि विचित्र प्रायोजकामुळे चाहते खरोखर दुरावतात का? नॉर्थ कॅरोलायना राज्यातील शार्लट शहराच्या परिसरात, म्हणजे बहुतेक संघांच्या कार्यशाळा जेथे आहेत तेथे, मी एकोणीस वर्षे प्रायोजक आणि संघ यांच्यामधले व्यवहार सांभाळण्याचे काम करीत आहे, त्यामुळे हा प्रश्न मला दरवर्षी कोणत्या ना कोणत्या कंपनीच्या बैठकीत ऐकावा लागतो. तेथे तो भीतीपोटी विचारला जातो आणि माझे उत्तर पाच मिनिटांत गुंडाळले जाते. येथे थोडे विस्ताराने सांगतो.

माझ्या अनुभवात वस्तू विचित्र आहे म्हणून चाहता दुरावत नाही. तो हसतो, टोमणे मारतो आणि गाडी जिंकू लागली की त्याच वस्तूच्या नावाची टोपी विकत घेतो. तो दुरावतो ते प्रायोजकाच्या वागणुकीमुळे. गाडी जणू स्वतःच्या भांडणाचा फलक आहे अशा थाटात कोणी वागू लागला, चाहत्याने स्वतःचे मानलेले काही, म्हणजे गाडीचा क्रमांक किंवा रंग, हिरावून घेऊ लागला, किंवा पैसे बुडवून संघाला मध्येच सोडून गेला, की मग मात्र त्याच्या रागाला पारावार राहत नाही.

हे समजण्यासाठी आधी पैशांचा हिशेब पाहावा लागतो. आपल्याकडे भारतीय क्रिकेट संघाच्या पोशाखावर सहारा, ओप्पो, बायजूज, ड्रीम११ अशी नावे आली आणि गेली, परंतु त्यांच्या जाण्याने एकही सामना थांबला नाही, कारण क्रिकेट मंडळाच्या तिजोरीत मोठा पैसा प्रक्षेपणाच्या हक्कांतून येतो. नासकारच्या संघाचे तसे नाही. वर्षाला अजिंक्यपदाच्या गुणांसाठीच्या ३६ शर्यती, प्रत्येक शर्यतीसाठी टायरचे संच, इंजिने, प्रवास आणि माणसे, हा सारा खर्च मुख्यतः गाडीवर नाव लिहिणाऱ्याच्या खिशातून होतो. अर्थसंकल्पाचा ६० ते ८० टक्के भाग प्रायोजकांकडून उभा करावा लागतो, असे प्रमुख संघांच्या प्रतिनिधींनीच २०२२ मध्ये उघडपणे सांगितले होते. प्रायोजक गेला की गाडी जाते, गाडी गेली की चालक घरी बसतो, आणि हे येथल्या चाहत्याला त्याच्या वडिलांनी लहानपणीच समजावलेले असते. ‘ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी’ ही म्हण त्याला ठाऊक नसेल, पण दुकानात दोन वस्तू समोर असताना तो आपल्या चालकाच्या प्रायोजकाची वस्तू उचलतो तेव्हा ती म्हण तो तंतोतंत पाळत असतो.

विचित्रपणाची परंपराही जुनीच आहे. १९६५ मध्ये ज्युनिअर जॉन्सन याने १३ शर्यती जिंकल्या त्या हॉली फार्म्स नावाच्या कोंबडी विकणाऱ्या कंपनीचे नाव गाडीवर घेऊन. कंपनीही त्याच्याच विल्क्स परगण्यातली होती, म्हणून कोणालाही त्यात वावगे वाटले नाही. १९७१ पासून अमेरिकेत दूरचित्रवाणी आणि आकाशवाणीवर सिगारेटच्या जाहिरातींना बंदी आली, तेव्हा आर. जे. रेनॉल्ड्स या तंबाखू कंपनीने आपला पैसा शर्यतींकडे वळवला आणि सर्वोच्च मालिकेचे नाव २००३ अखेरपर्यंत विन्स्टन या सिगारेटशी जोडलेले राहिले. दंड थोपटून मैदानात उतरणारे खेळाडू सिगारेटच्या नावाने चषक स्वीकारत होते, हे आज ऐकताना चमत्कारिक वाटते. त्या काळच्या कित्येक चाहत्यांना मात्र अजूनही ‘विन्स्टन कप’ हेच खरे नाव वाटते.

आता व्हायग्राविषयी, कारण प्रत्येक जण शेवटी तेथेच येतो. २००१ च्या हंगामात फायझर कंपनीने मार्क मार्टिन याच्या ६ क्रमांकाच्या फोर्ड गाडीचे प्रायोजकत्व घेतले. मार्टिन तेव्हा बेचाळिशीचा, अत्यंत शिस्तीचा, अबोल आणि व्यायामाचे वेड असलेला चालक होता, आणि थट्टेसाठी याहून गंभीर माणूस शोधूनही सापडला नसता. त्याच्या आधी या गाडीवर व्हॅल्वोलिन हे इंजिन तेलाचे सभ्य नाव होते. त्या जागी निळी गोळी आली आणि प्रेक्षकसज्जांमध्ये, तंबूंत, पेट्रोल पंपांवर विनोदांना ऊत आला. गाडी किती वेळ टिकेल, शेवटच्या फेरीपर्यंत दम राहील का, हे साधे शर्यतीचे प्रश्नही कोणी सरळ चेहऱ्याने विचारू शकत नव्हते. त्यातच २००१ मध्ये मार्टिनला एकही शर्यत जिंकता आली नाही, त्यामुळे विनोदांची धार आणखी वाढली. मी या व्यवसायात त्यानंतर काही वर्षांनी आलो, पण तेव्हाही जुने सहकारी तो हंगाम आठवून डोळे पुसत हसत असत.

त्या हसण्याचा अर्थ मात्र नीट लावायला हवा. एक तक्रार खरी होती: मुलाने ‘बाबा, हे कशाचे औषध आहे?’ असे विचारले तर काय सांगायचे, हा पालकांचा प्रश्न होता आणि तो चेष्टेवारी नेण्यासारखा नव्हता. पण मार्टिनच्या चाहत्यांनी मार्टिनला सोडले असे झाले नाही. मे २००२ मध्ये त्याने याच गाडीने शार्लटची ६०० मैलांची शर्यत जिंकली, तिच्याबरोबर दहा लाख डॉलरचे खास बक्षीस पटकावले, आणि त्या वर्षी अजिंक्यपदाच्या शर्यतीत तो टोनी स्टुअर्टच्या मागे दुसरा आला. गाडी पुढे धावू लागली तशी चेष्टेची जात बदलली. दुसऱ्याच्या चालकाला चिडवण्याचे शस्त्र होते ते स्वतःच्या चालकाची मजेदार ओळख झाले. शिवाय फायझरने शर्यतींच्या ठिकाणी आरोग्य तपासणीची सोय केली. ज्या वयाचे आणि ज्या स्वभावाचे पुरुष दवाखान्याची पायरी चढत नाहीत, तेच पुरुष तेथे हजारोंनी येत होते, आणि रक्तदाब मोजून घेणे त्यांना शर्यतीच्या दिवसाचाच एक भाग वाटू लागले. माझ्या मते त्या कराराचे खरे मर्म यात होते. कंपनीने विनोद दाबण्याचा प्रयत्न केला नाही, चाहत्यांवर रागावली नाही, आणि हसत हसत जवळ आलेल्या माणसाला काहीतरी उपयोगाचे देऊन पाठवले.

विचित्रपणा काळाबरोबर कसा विरतो याचे उत्तम उदाहरण टाइड आहे. १९८७ मध्ये डॅरेल वॉल्ट्रिपच्या १७ क्रमांकाच्या गाडीवर कपडे धुण्याच्या पावडरीचे नाव आले तेव्हा इंजिन तेल, स्पार्क प्लग, बिअर आणि तंबाखू यांची सवय असलेल्या पुरुषी जगाला ते जरा बायकीच वाटले. प्रॉक्टर अँड गँबलने मात्र एक साधी गोष्ट ओळखली होती: शर्यत पाहणाऱ्यांमध्ये स्त्रिया मोठ्या संख्येने आहेत, आणि घरातली पावडर कोणती आणायची हे त्याच ठरवतात. १९८९ मध्ये वॉल्ट्रिपने डेटोना ५०० ही नासकारची सर्वांत मानाची शर्यत जिंकली, तीही सतराव्या प्रयत्नात, १७ क्रमांकाच्या गाडीने, शेवटच्या ५३ फेऱ्या एकदाही इंधन न भरता काढून. त्या दिवसानंतर नारिंगी-पिवळ्या रंगांची ती गाडी विचित्र राहिली नाही. आता गंमत पाहा. फेब्रुवारी २०१२ च्या डेटोना शर्यतीत हुआन पाब्लो मोंतोया याची गाडी मार्ग वाळवणाऱ्या जेट इंजिनच्या वाहनावर आदळली, इंधन सांडून आग भडकली, आणि डांबरी पृष्ठभाग धुण्यासाठी कर्मचाऱ्यांनी टाइडचीच खोकी आणली. पैसे न देता मिळालेली याहून मोठी प्रसिद्धी माझ्या पाहण्यात नाही. घराघरांतून चाहते आनंदाने ओरडले ते पावडरीच्या गुणांमुळे नव्हे. पंचवीस वर्षांपूर्वीची ‘त्यांची’ गाडी त्यांना आठवली होती.

ॲलन कुलविकी आणि हूटर्स यांचीही गोष्ट याच जातीची आहे, फक्त तिच्यात दुःख जास्त आहे. तोकड्या कपड्यांतील वाढपिणींमुळे गाजलेल्या या उपाहारगृहांच्या साखळीचे नाव कुटुंबासह येणाऱ्या प्रेक्षकांना आवडण्याचे कारण नव्हते. कुलविकी हा विस्कॉन्सिनचा अभियंता आणि चालक. पुढे संघमालक झालेल्या ज्युनिअर जॉन्सनसारख्या मोठ्या माणसाची नोकरी नाकारून स्वतःचा संघ चालवण्याचा हट्ट धरणारा. १९९१ च्या वसंतात अटलांटा येथे त्याच्या गाडीवर मुख्य प्रायोजकच नव्हता, आणि हूटर्सने ज्या दुसऱ्या गाडीला पैसे दिले होते ती पात्रता फेरीत बाद झाली. दोघांची गरज तेथल्या तेथे जुळली. १९९२ मध्ये त्याने बिल एलियटला अवघ्या १० गुणांनी मागे टाकून अजिंक्यपद मिळवले, आणि १ एप्रिल १९९३ रोजी हूटर्सच्याच विमानाच्या अपघातात तो गेला. उपाहारगृहाविषयी कोणाचे मत काहीही असो, पण एकट्या माणसाला मोठ्या संघांविरुद्ध उभे राहण्याचे बळ त्यांनी दिले ही गोष्ट चाहत्यांनी कधीच विसरली नाही.

मद्याचा मामला थोडक्यात आटोपतो. बिअर पूर्वीपासून होती. नोव्हेंबर २००४ मध्ये व्हिस्की आणि तत्सम कडक मद्यांवरील बंदी उठली आणि २००५ मध्ये जॅक डॅनियल्स, क्राउन रॉयल, जिम बीम ही नावे गाड्यांवर आली. धार्मिक दक्षिणेतून काही निषेध झाला, पण तो टिकला नाही. ज्या खेळाचे पहिले तारे बेकायदा दारूच्या वाहतुकीत गाडी हाकायला शिकले, ज्युनिअर जॉन्सन तर बेकायदा दारूच्या गुन्ह्यात तुरुंगात जाऊन आला आणि पुढे अध्यक्ष रेगन यांच्याकडून त्याला माफी मिळाली, त्या खेळाला कायदेशीर व्हिस्कीचा विटाळ होणे अवघडच होते.

मग लोक खरोखर कशाने चिडतात? मला सर्वांत लख्ख आठवतो तो २०२२ चा हंगाम. नव्या पिढीची गाडी आली आणि दारावर मधोमध असणारा क्रमांक पुढच्या चाकाकडे सरकवण्यात आला, कारण त्यामुळे मागे प्रायोजकाच्या नावासाठी मोठी सलग जागा मिळत होती. वस्तू तीच, कंपन्या त्याच, विचित्र काहीच नाही. तरी जो संताप उसळला तो व्हायग्राच्या वाट्यालाही आला नव्हता. व्यावसायिक दृष्टीने तो निर्णय योग्य होता असे मला आजही वाटते, पण चाहत्यांचा मुद्दा मला तेव्हाच कळला होता. बॉनेटवरचे नाव दरवर्षी बदलते. क्रमांक तेवढा त्यांचा असतो. तो दंडावर गोंदवतात, नातवाच्या पाळण्यावर रंगवतात. ख्यातनाम चालक रिचर्ड पेटी यांनी १९७२ मध्ये हे ओळखले होते. एसटीपी या तेलात मिसळण्याच्या द्रावणाच्या कंपनीला पूर्ण गाडी आपल्या लाल रंगात हवी होती. पेटी घराण्याचा फिकट निळा रंग सोडायला ते तयार नव्हते. रात्रभर घासाघीस होऊन निळी आणि लाल अशी मिश्र रंगांची गाडी ठरली, आणि तडजोडीतून जन्मलेले ते रूप पुढे या खेळाचे सर्वांत ओळखीचे चिन्ह बनले. पेटींनी तेव्हा पूर्ण लाल रंग मान्य केला असता तर एसटीपीला पैशांच्या बदल्यात रंग मिळाला असता, पण लोक मिळाले नसते.

विद्यार्थिनीने आभासी चलनाचा उल्लेख केला आहे, म्हणून अलाबामातील टॅलाडेगा या एकाच ट्रॅकशी जोडलेल्या दोन घटना शेजारी ठेवतो. पहिली २०१४ ची. जॉश वाइज हा मागच्या रांगेत धावणारा, प्रायोजकाविना झगडणारा चालक. रेडिट या संकेतस्थळावरील, डोजकॉइन या विनोद म्हणून निघालेल्या आभासी चलनाच्या हौशी मंडळींनी आपसांत वर्गणी काढून ६ कोटी ७८ लाख डोजकॉइन, म्हणजे तेव्हाच्या भावाने सुमारे ५५ हजार डॉलर जमवले, आणि मे महिन्यातील शर्यतीत त्याच्या ९८ क्रमांकाच्या गाडीवर त्या चलनाचे चिन्ह असलेल्या शिबा इनू जातीच्या कुत्र्याचा चेहरा झळकला. वर्गणी हाच शब्द मी मुद्दाम वापरतो, कारण गल्लीतल्या गणपतीसाठी पावतीपुस्तक घेऊन फिरणाऱ्या मुलांचा उत्साह आणि त्या मंडळींचा उत्साह यांत मला फरक दिसला नाही. कुठलीही कंपनी नाही, विकायला वस्तू नाही, कोणाला कमिशन नाही. वाइज विसावा आला आणि जणू जिंकल्यासारखा जल्लोष झाला. एवढ्यावर न थांबता त्याच मंडळींनी मतदानाच्या जोरावर त्याला त्या वर्षीच्या ऑल-स्टार शर्यतीत पोहोचवले. ज्यांना त्यांनी मागे टाकले त्यांत डॅनिका पॅट्रिक ही प्रसिद्ध चालकही होती. जुने चाहते यावर कुरकुरले, ऑल-स्टारसारख्या मानाच्या शर्यतीत मागच्या रांगेतला गडी केवळ मतांवर कसा येतो, असे म्हणाले. त्यांचा आक्षेप मला पटत नाही, पण समजतो. मात्र कुत्र्याच्या चेहऱ्याला कोणी नावे ठेवली नाहीत, कारण पैसे कोठून आले आणि कशासाठी आले हे सर्वांना दिसत होते.

दुसरी घटना ऑक्टोबर २०२१ ची. ब्रँडन ब्राउन या लहान संघाच्या चालकाने टॅलाडेगा येथेच एक्सफिनिटी या नासकारच्या दुय्यम मालिकेतील आपला पहिला विजय मिळवला. मुलाखत चालू असताना मागे गर्दी तेव्हाचे अध्यक्ष बायडन यांना उद्देशून अर्वाच्य घोषणा देत होती, वार्ताहराने ती ‘लेट्स गो ब्रँडन’ (चल, ब्रँडन) अशी ऐकल्याचे सांगितले, आणि ते शब्द देशभर राजकीय टोमणा म्हणून पसरले. ब्राउन स्वतः त्यात कोठेच नव्हता. या गदारोळामुळे कंपन्या आपल्याजवळ यायला कचरत आहेत, असे त्याने जाहीरपणे सांगितले. वर्षाअखेरीस त्याच्या संघाने त्याच टोमण्यावरून नाव घेतलेल्या एलजीबी कॉइन या चलनाशी करार जाहीर केला. नासकारकडून मंजुरी मिळाल्याचे संघाचे म्हणणे होते, पण जानेवारी २०२२ मध्ये नासकारने ते प्रायोजकत्व नाकारले. दोन्ही वेळा आभासी चलन, दोन्ही वेळा छोटा संघ, दोन्ही वेळा एक विनोद. पण पहिल्या विनोदात सगळे सामील होऊ शकत होते आणि दुसऱ्यात अर्ध्या प्रेक्षकांना दुसऱ्या अर्ध्यांवर ओरडण्यासाठी बोलावले जात होते. त्या आठवड्यात जे चाहते ब्राउनच्या बाजूने भांडत होते त्यांना त्याच्या गाडीचा क्रमांक विचारला तर कित्येकांना तो सांगता आला नाही, ही गोष्ट मी स्वतः अनुभवली आहे.

राजकारण गाडीवर आले की नेहमी असेच होते, असा निष्कर्ष मात्र काढू नये. २००३ मध्ये अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी धडपडणारे डेमोक्रॅटिक सिनेटर बॉब ग्रॅहम यांनी नासकारच्या पिकअप ट्रकच्या मालिकेत जॉन वुड याच्या वाहनावर आपले नाव लावले, आणि कॅन्सस येथे तो ट्रक चक्क जिंकला. लोकांनी कौतुकाने टाळ्या वाजवल्या, पण पाठिंबा दिला नाही. ऑक्टोबरमध्ये ग्रॅहम यांनी माघार घेतली. २०२० मध्ये कोरी लाजॉय याच्या गाडीवर ट्रम्प यांच्या प्रचाराचा मजकूर नऊ शर्यतींसाठी आला, साडेतीन लाख डॉलरचा तो करार होता. तेव्हा वातावरण इतके तापलेले होते की टाळ्या आणि शिव्या दोन्ही गाडी सुरू होण्यापूर्वीच ठरून गेल्या होत्या. सतरा वर्षांत बदलला तो देश. गाडी बिचारी तीच होती.

चाहत्यांच्या प्रतिक्रियेत एक ताकद अशी आहे की जिचा विचार अभ्यासक फारसा करीत नाहीत, ती म्हणजे प्रायोजकाच्या मार्फत चालकाला वठणीवर आणणे. नोव्हेंबर २०११ मध्ये टेक्सास येथील ट्रक शर्यतीत काइल बुश याने पिवळा झेंडा लागलेला, म्हणजे गाड्या हळू चालवायच्या असताना रॉन हॉर्नाडे याला मुद्दाम भिंतीवर नेऊन आदळवले. नासकारने त्याला त्या आठवड्याच्या उरलेल्या शर्यतींतून बाहेर बसवले, पण चाहत्यांनी आपला राग थेट एम अँड एम्स या चॉकलेटच्या गोळ्यांच्या कंपनीपुढे मांडला. लहान मुलांच्या खाऊचे नाव अशा माणसाच्या गाडीवर कसे, हा त्यांचा सवाल होता. हंगामाच्या शेवटच्या दोन शर्यतींत ते नाव गाडीवरून उतरले. बुश पुढे शहाणा झाला, दोनदा अजिंक्य ठरला, आणि त्या कंपनीने २०२२ पर्यंत त्याची साथ केली. सगळ्यांत जास्त हुर्यो ज्याची उडवली जात असे त्याच्या गाडीवर सगळ्यांत गोड वस्तू, हा विरोधाभास मला कायम गमतीचा वाटत आला आहे.

दुरावा आणणारा तिसरा प्रकार म्हणजे पळपुटा प्रायोजक. डीसी सोलर नावाची सौरऊर्जेची कंपनी कोणालाही आक्षेपार्ह वाटण्याजोगी नव्हती. उलट तिचे नाव सभ्यच होते. डिसेंबर २०१८ मध्ये तिच्यावर छापा पडला, सुमारे शंभर कोटी डॉलरची फसवणूक उघड झाली, आणि संघमालक चिप गनासी यांना आपला एक्सफिनिटी संघ बंद करावा लागला. व्हायग्रावर हसलेल्या चाहत्यांच्या डोळ्यांत तेव्हा पाणी होते.

आता प्रश्नाचा जो भाग विद्यार्थिनीने विचारला नाही, पण ज्यावाचून उत्तर अपुरे राहील, त्याकडे येतो. चाहत्यांचे प्रेम मिळाले म्हणजे प्रायोजकाचे काम झाले, असे नाही. नॅशनल गार्ड या अमेरिकेच्या राखीव सैन्यदलाने भरतीसाठी डेल अर्नहार्ट ज्युनिअरच्या ८८ क्रमांकाच्या गाडीवर अनेक वर्षे पैसा खर्च केला. हा चालक २००३ पासून सलग पंधरा वर्षे चाहत्यांच्या मतांनी सर्वाधिक लोकप्रिय ठरला होता आणि सैनिकी चिन्हाला या प्रेक्षकांत तोटा नव्हताच. तरीही सिनेटच्या चौकशीत २०१२ चे जे आकडे पुढे आले ते असे: खर्च २ कोटी ६५ लाख डॉलर, त्यामुळे भरतीविषयी विचारणा करणारे २४,८००, त्यांतले पात्र २०, आणि प्रत्यक्ष भरती झालेला एकही नाही. २०१४ मध्ये गार्डने करार पुढे न नेण्याचे जाहीर केले. टाळ्यांचा आवाज ऐकून हुरळून जाणाऱ्या प्रत्येक ग्राहकापुढे मी हे आकडे ठेवतो.

माझ्या स्वतःच्या कामातली एक चूक येथे सांगण्याजोगी आहे. काही वर्षांपूर्वी मैला-टाक्या उपसणारी एक प्रादेशिक कंपनी खालच्या मालिकेतील एका गाडीवर येण्यास तयार झाली. लोक हसतील या धास्तीने तिच्या मालकांनी नुसती आद्याक्षरे, तीही काळ्यावर सोनेरी अशा भारदस्त अक्षरांत लिहायला सांगितली, आणि मी मान डोलावली. पूर्ण हंगाम त्या गाडीकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही. एका गृहस्थाला ती वकिलांची संस्था वाटली. दुसऱ्या वर्षी आम्ही नाव पूर्ण लिहिले आणि गाडीच्या मागच्या बाजूला ‘मागे लागाल तर वास येईल’ अशा अर्थाची एक ओळ टाकली. तंबूवरच्या टोप्या दुपारपर्यंत संपल्या, आणि फोन करणाऱ्यांमध्ये ज्यांना खरोखर टाकी उपसून हवी होती असे लोक होते. तिसऱ्या वर्षी कंपनीचे मालक बदलले आणि करार संपला, त्यामुळे ही कथा यशाची म्हणून मी सांगत नाही. हसू येईल म्हणून घाबरण्यात आम्ही एक पूर्ण हंगाम वाया घालवला, एवढेच तिच्यातून मला कळले.

लाजेविषयी विचारले होते, तर २०१५ पासून साउथ कॅरोलायनातील डार्लिंग्टन येथे संघ आपल्या गाड्या जुन्या काळच्या रंगांत रंगवून आणतात ती शर्यत विद्यार्थिनीने अवश्य पाहावी. तंबाखूची नावे आता लावता येत नाहीत, म्हणून रंगांचे पट्टे तेवढे तसेच ठेवून त्या जागी दुसरेच शब्द लिहिलेले असतात. गेल्या एका खेपेला कुंपणाजवळ माझ्या शेजारी उभे असलेले एक आजोबा त्या पट्ट्यांकडे बोट दाखवून नातीला सांगत होते की, ही गाडी खरी कोणाची, कोणत्या वर्षीची, आणि तिच्यावर तेव्हा काय लिहिलेले असायचे. नातीने विचारले, ‘ते काय असतं?’ आजोबांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, ‘त्यांनी टायरचे पैसे दिले होते.’